फूटरेस्टला कोणी फुगवलं?

माझी नजर घारीची, कान सशाचे. नाकाबद्दल सर्दी उतरल्यावर लिहीन. कारखान्याच्या कागदोपत्री मी स्टोअरकीपर आहे, पण खरा धंदा गुन्हेगार पकडणं. अजून एकही सापडलेला नाही. धाकच तसा आहे.

मदतनीस : मेहुणा. नवा डिझायनर, अजून उमेदवारीवर.

प्रकरण तिसरे
(पहिली दोन शब्दमर्यादेत बसेनात.)

मेहुण्याने व्हीलचेअरसाठी फूटरेस्टचं डिझाइन काढलं होतं : पाय ठेवायची फळी आणि तिला धरणारा दांडा. वजनाखाली तो टिकतो की मोडतो, हे कॉम्प्युटरवर तपासून आज चारपर्यंत साहेबांना दाखवायचं. नाही जमलं तर नोकरी पक्की होणार नाही.

सॉफ्टवेअर आधी वस्तूचे बारीक तुकडे पाडतं, मग हिशेब करतं. साहेबांनी घेतलेला परवाना सगळ्यांत स्वस्त, म्हणून तुकड्यांच्या संख्येवर मर्यादा. पडद्यावर लाल पाटी होती : मॉडेल मर्यादेपेक्षा मोठं.

"काल सकाळी चालत होतं, भावजी."

"मोठं झालंय ना? मग लहान कर."

त्याने फूटरेस्ट काडेपेटीएवढा केला. पाटी ढिम्म.

"तुकडेही त्याच प्रमाणात लहान झाले. संख्या तीच."

"गुन्हेगार गणितात हुशार आहे," मी म्हणालो. मेहुण्याने कपाळाला हात लावला. मी तो पुरावा म्हणून लक्षात ठेवला.

प्रकरण तिसरेच, पण साहेबांच्या केबिनमध्ये

मर्यादा कमी करून कोणाचा फायदा? ज्याने परवाना घेतला त्याचा.

"काल संध्याकाळी आपण कुठे होतात?"

"इथेच. तुमची रजा नामंजूर करत होतो."

साहेब सुटले.

उरलेलं प्रकरण

माझी बायको याच कारखान्यात खरेदी बघते. ती दारात आली की माझा कणा आपोआप सरळ होतो. तिने भावाच्या खांद्यावरून पडद्यात डोकावलं.

"हे पुरळ कसलं उठलंय रे याला?"

"पाय घसरू नये म्हणून दाणे आहेत, ताई. काल दुपारी टाकले. एकेक अगदी गोल केलाय."

"एकेका गोळ्याला किती तुकडे लागत असतील? आणि हा मोडला तर दाण्यांवर मोडेल का दांड्यावर?"

"दांड्यावर."

"मग तपासणीपुरते काढ की."

दाणे गेले, पाटी गेली. हिशेब झाला. फूटरेस्ट टिकला. मी नेमका "मलाही हाच संशय होता" म्हणणार, तोच साहेब आले.

"डिझाइन चांगलंय. पण एवढा वेळ लागला तो कोणाच्या चुकीमुळे?"

निष्कर्ष माझ्या ओठांवर होता. मेहुणा बुटांकडे बघत होता. त्याच्या मागे बायको उभी होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

"माझ्या," मी म्हणालो.

साहेबांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"तुम्हाला हे सॉफ्टवेअर उघडता तरी येतं का?"

कबुली देऊनही निर्दोष सुटलेला आरोपी मी आजवर पाहिला नव्हता.