वरण वरचं, भात खालचा

दातारकाकांच्या लेखी माणूस एकतर धान्य असतो, नाहीतर डाळ. इथल्या मराठी मंडळात कुणाचं लग्न ठरलं की म्हणणार, "मुलगा गहू वाटतो. मुलगी डाळ हवी. गेनाऊ, अगदी बरोब्बर." माझं लग्न जमेना म्हणून फोनवर माझ्या आईलाच सांगितलं, "वहिनी, पोरगी नुसती तूर आहे. तांदूळ शोधा."

जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त होईपर्यंत वाटाण्याचं आणि तांदळाचं प्रोटीन मिसळून पावडर बनवणाऱ्या कारखान्यात होते. डाळीत मेथायोनिन हे अमिनो आम्ल कमी, भातात लायसिन कमी. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. मला कुणी शिकवलेलं खपत नाही. काकांचं खपवून घेते, कारण वरण त्यांचं असतं.

दर रविवारी टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं घेऊन खाली येणार. "भात लावलायस ना? एकट्यानं भागत नाही गं. एकाच ताटात हवं." त्यांची जर्मन बायको, उटेकाकू, वारल्यापासूनचा हा नेम. भात त्यांना म्हणे जमत नाही. जन्मभर काट्यावर भुकट्या तोललेल्या माणसाला भातातल्या पाण्याचा अंदाज येत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा.

मग मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं. शेवटी एका बाईंनी विचारलं, "काका, वरण-भात एकाच वेळी खायलाच हवा का?"

काकांनी चष्मा पुसला. माझ्याकडे पाहिलं. "आल्झो... म्हणजे, नाही. दिवसभरात कधीही खाल्लं तरी शरीर जुळवून घेतं." त्या विषयात खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

पुढच्या रविवारी जिना वाजला नाही. भात निवत चालला. शेवटी मीच फोन केला.

"काका, येताय ना?"

"अगं, सकाळी ब्रोट, आपला पाव, खाल्लाय. संध्याकाळी डाळ खाईन. शास्त्रात बसतं. तू ऐकलंस की."

"तुमचं बसत असेल. माझ्याकडे नुसता भात आहे. मला लायसिन कोण देणार?"



"पाणी किती घातलंस?"

"दुप्पट."

"बरं, बरं. बघतो."

फोन ठेवते न ठेवते तोच बेल वाजली. टॉवेलातलं वरण वाफाळत होतं, वर हिंगाची फोडणी. तूर इतक्या लवकर शिजत नाही, एवढं मलाही कळतं.

वरण दोघांपुरतं होतं.