टाकीसाहेबांची साठवण

टाकीसाहेबांनी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला असता, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण प्रश्न विचारायचा म्हणजे तो विषय तोंडाने काढावा लागला असता. आणि तो विषय काढण्यापेक्षा मोठ्या पाइपात उतरून गाळ उपसणं त्यांना केव्हाही सोपं वाटलं असतं.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर सोडलं तर कुठेच उरलं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात ते सुपरवायझर होते आणि अर्ध्या शहराच्या उंच टाक्या त्यांच्या ताब्यात होत्या, म्हणून सगळे त्यांना टाकीसाहेब म्हणत. (बायकोसुद्धा, पण फक्त चिडली की.) टाकी पूर्ण भरू द्यायची, कोणी कितीही ओरडलं तरी मधेच व्हॉल्व्ह उघडायचा नाही, मग शेवटच्या गल्लीतल्या वरच्या मजल्यावरही पाणी धो धो येतं, हे त्यांचं नोकरीभर जपलेलं शहाणपण. ते चुकीचं नव्हतं. फक्त ते पाण्यापुरतं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून "आता नीट दिसतंय, की आधीचं बरं होतं?" असं विचारायची. घरी मात्र गेली दोन वर्षं ती मोबाइलमधल्या ॲपमध्ये तारखा बघत होती. ॲपने सांगितलं की ती सांगायची, "आज." मग टाकीसाहेब ड्यूटी लागल्यासारखे हजर व्हायचे. त्या 'आज'मुळे दोघांमधलं काहीतरी गेलं होतं, आणि ते गेलंय हे दोघांनाही कळत होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं.

शेवटी आयव्हीएफ करायचं ठरलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुरू करण्याआधी तीन महिने आहेत, ते कामी लावू. साहेब, तुमचा शुक्राणूंचा रिपोर्ट जरा कमी आहे, फार वाईट नाही. सिगारेट बंद. घट्ट कपडे बंद. लॅपटॉप मांडीवर ठेवायचा नाही, कढत पाण्याने आंघोळ नाही. वजन उतरवा. या झिंकच्या गोळ्या आणि ही कॅप्सूल रोज. मॅडम, तुम्हाला फॉलिक ॲसिड आणि व्हिटॅमिन डी, आणि कॉफी दिवसाला एकच."

"एकच?" बायकोचा चेहरा पडला.

"एकच. आणि साहेब, पुढच्या तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस अंतर ठेवा."

"अंतर म्हणजे..." टाकीसाहेब म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

"कळलं ना?"

"कळलं, कळलं."

कळलं होतंच. घरी येईपर्यंत तर जरा जास्तच कळलं. दोन-तीन दिवसांच्या साठवणीने रिपोर्ट बरा येत असेल, तर तीन महिन्यांच्या साठवणीने केवढा येईल? डॉक्टरीणबाई संकोचाने कमी बोलल्या असणार, असंही त्यांना वाटलं. (डॉक्टरीणबाईंना संकोच नावाची गोष्ट माहीत नव्हती, पण ते पुढे कळायचं होतं.) त्यांनी मनातल्या मनात व्हॉल्व्ह बंद केला आणि बायकोला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. तिला सांगितलं तर ती हसेल, ही एक भीती. रिपोर्ट असा दणदणीत आणायचा की ती चकित झाली पाहिजे, ही दुसरी हौस.

पहिले काही दिवस मजेत गेले. सकाळी दोघं टेबलाशी बसून आपापल्या गोळ्या मोजून घेत आणि पाण्याचे ग्लास एकमेकांना भिडवत. टाकीसाहेबांनी सिगारेट खरंच सोडली. थंड पाण्याने आंघोळ करताना ते इतके कुडकुडत, की शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. पँट्स दोन साइझ मोठ्या आणल्या.

ऑफिसात पंपवाला म्हणाला, "साहेब, ही कोणाची पँट?"

"माझीच."

"मग साहेब कुठे गेले?"

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसांत ती खूप हसायची, असं टाकीसाहेबांना आता आठवतं. आणि आठवलं की ते स्वतःवरच चिडतात.

कारण त्याच आठवड्यात त्यांनी आपली उशी उचलून बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर नेली.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"पाठ धरलीय. गादी फार मऊ आहे."

"सोफा तर गादीहून मऊ आहे."

"तो वेगळ्या प्रकारे मऊ आहे," टाकीसाहेब म्हणाले. (वर्षानुवर्षं नागरिकांच्या तक्रारींना उत्तरं देऊन ही भाषा त्यांच्या अंगवळणी पडली होती.)

पाठीचं कारण जुनं झालं तेव्हा घोरणं आलं, घोरणं जुनं झालं तेव्हा उकाडा आला. बायको विचारायची थांबली. टाकीसाहेबांना वाटलं, चला, पटलं वाटतं. माणूस विचारायचा थांबला म्हणजे त्याला पटलं, असं समजणारे नवरे जगात पुष्कळ आहेत, आणि त्यात टाकीसाहेबांचा नंबर बराच वरचा होता.

एका रविवारी दुपारी ती केस धुऊन आली आणि सोफ्यावर त्यांच्या शेजारी टेकली. ॲप नाही, तारीख नाही, 'आज' नाही. कितीतरी महिन्यांनी ती नुसतीच, आपणहून आली होती. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"आठवतं, पूर्वी आपण रविवारी दुपारी काय करायचो?"

टाकीसाहेबांना सगळं आठवत होतं. नको इतकं आठवत होतं. तपासणीला थोडेच दिवस उरले होते आणि इतक्या महिन्यांची मेहनत डोळ्यांसमोर होती. ते ताडकन उठले.

"वरची टाकी वाहतेय वाटतं. बघून येतो."

"मला काही ऐकू येत नाही."

"मला येतं. सवयीने," असं म्हणून ते गच्चीवर गेले आणि कोरड्या ठणठणीत टाकीपाशी ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. स्वतःच्या निग्रहाचं त्यांना कौतुक वाटत होतं, ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. खाली आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. टेबलावर त्यांच्या संध्याकाळच्या गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या होत्या, शेजारी पाण्याचा ग्लास. यांनी गोळ्या घेतल्या आणि टीव्ही लावला.

त्यानंतर ती नेमाने गोळ्या काढून ठेवत राहिली आणि ग्लास मात्र यांच्या ग्लासाला भिडवेनाशी झाली.

तपासणी झाली. दोन दिवसांनी दोघं डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले. टाकीसाहेब खुर्चीच्या टोकावर बसले होते, निकालाच्या दिवशी पहिल्या नंबरची खात्री असलेलं पोर बसतं तसे.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, परत लावला आणि परत वाचला.

"सिगारेट सोडली होती ना?"

"पहिल्याच दिवशी."

"गोळ्या?"

"एकही चुकवली नाही. हिला विचारा."

"नाही चुकवली," बायको म्हणाली. तिचा आवाज फार थकलेला होता.

"मग हे असं कसं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्दी आहे, पण हलणारे फार थोडे. आधीच्यापेक्षा वाईट आहे हे. अंतर किती ठेवलं होतं?"

हाच तो क्षण, असं टाकीसाहेबांना वाटलं. ते ताठ बसले. "तुम्ही सांगितलंत त्याच दिवसापासून."

"म्हणजे?"

"तीन महिने. एक दिवसही मोडला नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, ही काय मुदत ठेव आहे का? दोन-तीन दिवस म्हणजे दोन-तीन दिवस. जुनं साठून राहिलं की ते मरगळतं, खराब होतं. ताजं तयार होत राहिलं पाहिजे, म्हणून एरवी नियमित मोकळं करायचं असतं. हे मला तेव्हाच विचारायचंत ना."

टाकीसाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शहरातली प्रत्येक टाकी ठराविक काळाने रिकामी करून धुवावी लागते, नाहीतर पाण्याला वास येतो, हे हाताखालच्या लोकांना तेच शिकवत होते. नेमकं तेवढंच त्यांना आठवलं नव्हतं.

मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणून सोफा?" ती म्हणाली.

"हो."

"पाठ नव्हती दुखत?"

"आता दुखते. सोफ्यामुळे."

ती हसली नाही. डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "डॉक्टर, मी आज हे सगळं थांबवा असं सांगायला आले होते. इंजेक्शनं नकोत, काही नको."

टाकीसाहेब खुर्चीच्या टोकावरून मागे सरकले.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "या महिन्यात तसंही काही सुरू करता येणार नाही. दोनेक आठवड्यांनी परत तपासू. साहेब, तोवर नियमित, एवढं लक्षात ठेवा. आणि मॅडम, थांबायचं असेल तर थांबू. पण आधी घरी बोला."

घरापर्यंत कुठला धीर निघतोय? क्लिनिकबाहेरच्या बाकावरच ते बोलले. बोलली ती, यांनी ऐकलं.

"मला वाटलं, आता डॉक्टर करणार सगळं, म्हणून तू सुटलास," ती म्हणाली. "माझ्याजवळ यायची कटकट संपली. दोन वर्षं मी तारखा सांगून तुला बोलावलं, ते तू कसंबसं सोसलंस, असं वाटलं. त्या रविवारी मी तुझ्याजवळ येऊन बसले, तर तू टाकी बघायला गेलास. त्या दिवशी मी ठरवलं, ज्याला मी नको त्याचं मूल मला नको."

"मला तू हवी होतीस," टाकीसाहेब म्हणाले. "म्हणूनच गच्चीवर गेलो."

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"बायकोची?"

टाकीसाहेबांनी खात्याची भाषा बाजूला ठेवली. ते म्हणाले, "चुकलं माझं. फार चुकलं." एवढं बोलण्याचीही त्यांना लाज वाटत होती. पण या वेळी ते उठून गेले नाहीत.

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "कळलंय मला. पण तीन महिने जे मनात धरून बसले, ते एका दुपारी पुसलं जात नाही. मी ताईकडे जाणार आहे. बॅग सकाळीच दुकानात नेऊन ठेवलीय."

"किती दिवस?"

"दोनेक आठवडे."

"आणि येणार ना?"

"येईन. तपासणीला तरी येईनच," ती म्हणाली. तेवढ्यावर टाकीसाहेबांनी समाधान मानलं.

दुकानातून बॅग घेऊन ते तिला बस स्टॉपवर सोडायला गेले. बॅग जड होती. ती वर चढवताना मोठी पँट घसरायला लागली, म्हणून एका हाताने पँट आणि एका हाताने बॅग, अशी त्यांची कसरत चालली. बायको खिडकीशी बसली. बसचं इंजिन सुरू झालं तेव्हा टाकीसाहेबांच्या डोक्यात एकाएकी हिशेब लागला. ते खिडकीजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, हे दोन आठवडे नियमित..."

"नियमित म्हणाल्या," बायको खिडकीतून म्हणाली. "दोघांनी मिळूनच, असं काही म्हणाल्या नाहीत. तुझं तू बघ."

आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी अगदी मनापासून हसली, आणि नेमकी बस सुटताना हसली. टाकीसाहेब पँट सावरत हात हलवत राहिले. बस वळणावरून दिसेनाशी झाली, तरी त्यांचा हात थांबेना. शेवटी स्टॉपवर समोर उभ्या असलेल्या आजींना वाटलं, हा माणूस आपल्यालाच हात करतोय. त्यांनी एकदा टाकीसाहेबांच्या पँटकडे बघितलं आणि पिशवी उचलून त्या पलीकडच्या स्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या.