पहिला जावई आणि दुकानातलं मांजर

वेबसाइटच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात कुणी धरू शकत नाही! निदान साडू येईपर्यंत तरी अशी परिस्थिती होती.

सासऱ्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला पन्नास वर्षं होणार, म्हणून त्यांनी वेबसाइट करायला सांगितली. कुणाला? साडूला! थोरला जावई मी, ऑफिसात रोज हेच करणारा मी, आणि काम त्या धाकट्याला! माझा नुसता जळफळाट झाला. त्यात पान उघडून पाहतो तर कुटुंबाच्या फोटोंत आधी साडू, मग मी आणि सगळ्यात शेवटी दुकानातलं मांजर.

"तुम्ही फोटो दोन आठवडे उशिरा पाठवलात," बायको म्हणाली. "आले तसे लावले त्यांनी."

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"दादा, तुम्ही यातले जाणकार, एकदा नजर टाका," असं म्हणत साडूने पासवर्ड दिला होता. मी टाकली. चांगली वाकडी टाकली! 'कुटुंब पाहा' या बटणाला गुपचूप कोडच्या चार ओळी जोडल्या. बटण दाबलं की क्वेरी सिलेक्टर नावाच्या शोधणाऱ्या आज्ञेने 'जावई' अशी पाटी लावलेला फोटो शोधायचा आणि थेट तळाला, मांजराच्याही खाली नेऊन ठेवायचा. पाटी आम्हा दोघांच्याही फोटोला होती, पण हा सिलेक्टर वरून बघत येतो आणि पहिला सापडला की थांबतो. पहिला म्हणजे साडू! करून पाहिलं. साडू मांजराखाली! पान नव्याने उघडलं की पुन्हा सगळे जागच्या जागी. त्या दिवशी मला चार घास जास्त गेले.

समारंभाला दुकान पाहुण्यांनी भरलं. मोठ्या पडद्यावर पान लागलं. सासऱ्यांनी बटण दाबलं.

मांजराखाली मी!

"अहो, तुम्ही तिथे काय करताय?" बायको ओरडली.

साडू माझ्या कानाशी कुजबुजला, "दादा, थोरल्यांचा मान आधी, म्हणून सकाळीच तुम्हाला पहिलं केलं होतं. मग हे असं कसं झालं?"

मला दरदरून घाम फुटला. सिलेक्टरला साडू कुठे ओळखू येतो? त्याला फक्त पहिला कळतो!

"बाबा, आता राहू द्या!" मी म्हणालो. पण पन्नास वर्षं घड्याळांना किल्ली दिलेला माणूस एकदा दाबून थांबतो होय? त्यांनी पुन्हा दाबलं. आता वरचा जावई साडू, तो गेला माझ्याही खाली. मला जरा बरं वाटलं. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं. वरून मांजर, साडू, मी! पाहुणे पोट धरून हसायला लागले.

"कुणाचा हा चावटपणा?" सासरे कडाडले.

साडूने लॅपटॉप ओढून त्या चार ओळी वाचल्या. मग माझ्याकडे पाहिलं. संपलं, आता या घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही!

"माझ्याच हातून चूक झाली, बाबा," तो म्हणाला आणि ओळी पुसून टाकल्या.

"चूक कबूल करायला मोठं मन लागतं!" सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बायकोने मान डोलावली. मीही डोलावली, करतो काय!

पण खरं सांगू? तेव्हापासून माझा जळफळाट दुप्पट झालाय. आता चांगुलपणातही हाच पहिला, आणि तिथून त्याला खाली आणणारी ओळ मला अजून लिहिता आलेली नाही.