पढवलेले प्रवासी

परीक्षा होती मुनाफ पारकरची, पण गुरुवारी संध्याकाळी अल वक्रातल्या राजाभाऊंच्या हॉलमध्ये अभ्यासाला बसलं होतं त्यांचं अख्खं मित्रमंडळ.

वर्ल्ड कप अजून अडीच-तीन वर्षांवर होता. पण कतारमध्ये ज्याला पाहावं तो त्या निमित्ताने काहीतरी होऊ बघत होता. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, ते जेवताना ऑफसाइडवर वाद घालत होते. मुनाफला गाईड व्हायचं होतं. तो रत्नागिरीकडचा. गेली कित्येक वर्षं राजाभाऊंच्या ऑफिसची बस चालवायची आणि दोह्यातल्या नजम्यात पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचं, असा त्याचा संसार. खरा संसार, म्हणजे बायको सुरय्या, गावी होता. गाईडची परीक्षा पास झाला तर एक ट्रॅव्हल कंपनी त्याला घ्यायला तयार होती. मग पगार वाढणार, वाढला की फॅमिली व्हिसाला अर्ज करता येणार आणि सुरय्या इथे येणार. नापास झाला तर स्टिअरिंग होतंच, ते कुणी काढून घेत नव्हतं.

लेखी परीक्षा तो पास झाला होता. आता राहिली होती प्रात्यक्षिक. खऱ्या प्रवाशांची बस दिवसभर वाळवंटात फिरवून आणायची आणि परीक्षक मागे बसून मार्क देणार. बस कंपनीची, प्रवासी मात्र उमेदवाराने जमवायचे. मुनाफने भीत भीत राजाभाऊंना विचारलं. सहल फुकट आहे हे कळल्याबरोबर त्यांच्या मंडळात भूगोलाची अशी काही आवड निर्माण झाली, की तीस सीटांसाठी राजाभाऊंना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

"हे बघ मुनाफ," राजाभाऊ म्हणाले. ते पुण्याचे आणि त्यातून प्लॅनिंग इंजिनिअर. "गाईड कशावरून चांगला ठरतो? प्रवासी प्रश्न काय विचारतात, त्यावरून. ते आपण नशिबावर सोडायचं का? चार थांबे आहेत. प्रत्येक थांब्याला आपला एकेक माणूस एकेक उत्तम प्रश्न विचारेल. तू फक्त चार उत्तरं पाठ कर."

"पण साहेब, ह्या चालंल का?"

"न चालायला काय झालं? शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा मास्तर काय करायचे?"

वाटप झालं. पहिला थांबा उंटांच्या शर्यतीचं मैदान. तिथला प्रश्न राजाभाऊंच्या बायकोला, नीताला. दुसरा थांबा वाळवंटात कुणा कलावंताने उभ्या केलेल्या चार प्रचंड पोलादी पाट्या. तिथे ऑफिसातला धवल, कारण तो क्वालिटी कंट्रोलमध्ये होता आणि पोलाद पाहिलं की त्याला तसेही प्रश्न पडत. तिसरा थांबा वाऱ्याने कोरलेला छत्रीसारखा खडक. तो नाशिकहून आलेल्या राजाभाऊंच्या सासूबाईंना, केसरबाईंना. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून "हू मेड धिस?" एवढं एकच वाक्य घोकून घ्यायला सांगितलं. शेवटचा झुबाऱ्याचा किल्ला; तो राजाभाऊंच्या लेकीला, ईराला.

मुनाफ रात्री खोलीवर उत्तरं घोकत झोपला. इंग्रजी लक्षात राहीना म्हणून त्याने युक्ती केली. एकेक उत्तर एकेका चेहऱ्याला बांधून टाकलं. नीतावहिनींचा चेहरा दिसला की उंट. धवल दिसला की पोलाद.

शुक्रवारी सकाळी परीक्षक अमिना मॅडम ठरल्या वेळेच्या आधीच हजर झाल्या. काळा पायघोळ अबाया, हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर मार्क कापायची तयारी. त्या बसमध्ये चढल्या तेव्हा बस रिकामी होती, पण एकही जागा रिकामी नव्हती. प्रत्येक सीटवर एकेक रुमाल, ओढणी, पाण्याची बाटली किंवा चिवड्याचा डबा बसलेला होता. त्यांचे मालक खाली उभे राहून अजून न आलेल्या माणसांना फोन करत होते.

"ह्या वस्तू कुणाच्या आहेत?" मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

"प्रवासी आहेत, मॅडम," मुनाफ म्हणाला.

शेवटी केसरबाईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि मॅडमना शेजारी बसवून घेतलं. "बस गं बाई. उभ्यानं काय लिहिणार तू?" हे अर्थात मराठीत. केसरबाईंचा असा अनुभव होता, की सावकाश आणि मोठ्याने बोललं तर मराठी कुणालाही कळतं.

"यल्ला!" म्हणत ड्रायव्हर रहमानने बस काढली. तो पेशावरकडचा, कमी बोलणारा माणूस. दोहा ओलांडून अर्धा तास झाला नाही तोच त्याने बस थांबवली. पुढे नारिंगी पिंपांची रांग, आडवी पट्टी आणि बाणाची पाटी. वर्ल्ड कपसाठी रस्ते रुंद करायचं काम चालू होतं; त्यामुळे काल होता तो रस्ता आज असेलच, याची खात्री त्या दिवसांत कुणी देत नसे.

"रास्ता बंद," रहमान म्हणाला. "पहले क़िला जाएंगे. बाकी उलटा घूम के."

मुनाफने बोटांवर थांबे उलटे मोजले. त्याने मागे वळून राजाभाऊंकडे पाहिलं. राजाभाऊ झोपले होते. प्लॅनिंग पूर्ण झालेला माणूस झोपतो तसे, तोंड उघडं टाकून.

किल्ला आला. तांबूस भिंतींचा, कोपऱ्यांवर बुरूज, समोर दूरवर नुसता उजेड. मुनाफने माहिती सांगितली. बरी सांगितली. शेवटी, "काही प्रश्न?" असं विचारून तो थांबला. मॅडमनी मान वर केली. नुकतेच जागे झालेले राजाभाऊ बायकोला कोपराने ढोसत पुटपुटले, "पहिला थांबा! नीता, तुझा!"

नीता बिचारी पहाटेपासून तीस माणसांच्या न्याहारीच्या मागे लागली होती. आपण कुठे उभ्या आहोत हे पाहायला तिला सवडच मिळाली नव्हती. तिने दचकून हात वर केला आणि किल्ल्याकडे बोट दाखवून खणखणीत इंग्रजीत विचारलं,

"हे किती वेगाने धावतात?"

मुनाफला नीतावहिनींचा चेहरा दिसला आणि तोंड आपोआप सुटलं. "ताशी चाळीस किलोमीटर, मॅडम! पूर्वी वर मुलं बसवायचे, आता छोटा रोबो बसवतात. शेजारून मालक गाडीतून ओरडत जातो."

अमिना मॅडमनी किल्ल्याकडे पाहिलं. तो जागेवरच होता. मग त्यांनी टॅब्लेटवर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

बसमध्ये परतल्यावर मागच्या सीटांवर मंडळाची तातडीची बैठक भरली.

"अहो, मला काय माहीत किल्ला आलाय! तुम्हीच ढोसलंत ना?" नीता म्हणाली.

"जाऊ दे. पुढच्या थांब्याला पुढचा प्रश्न!" राजाभाऊंनी फर्मान काढलं. मग त्यांच्या लक्षात आलं. "नाही, नाही! क्रम उलटा झालाय. उलटा धरा, उलटा!"

बस खडखडत होती. पुढे बसलेल्यांनी पहिलं फर्मान ऐकलं, मागच्यांनी दुसरं. धवल पुढे होता. केसरबाईंना यातलं काहीच ऐकू आलं नाही, कारण त्या मॅडमना नाशिकची सगळी नातवंडं फोनवर दाखवत होत्या. दाखवता दाखवता त्यांनी मॅडमच्या हातात धपाटा ठेवला. "खा. सकाळपासून नुसती लिहितेयस." मॅडमनी आधी नको म्हटलं. मग एक तुकडा मोडला. मग "शुक्रन" म्हणून उरलेला संपवला.

झिक्रीतचा तो छत्रीसारखा खडक आला. पांढऱ्या मातीत खालून बारीक, वरून पसरट, मोठी देखणी वस्तू. मुनाफने "काही प्रश्न?" म्हणायचा अवकाश, केसरबाई आणि धवल एकदम पुढे सरसावले.

"हू मेड धिस?"

"हे कोणत्या ग्रेडचं स्टील आहे?"

दोन चेहरे, दोन उत्तरं, तोंड एकच. मुनाफ म्हणाला, "हे वाऱ्याने लाखो वर्षांत बनवलं, खास जर्मनीत ओतून बोटीने आणलं, गंज चढतो पण आतून मजबूत असतं."

मॅडम खडकाजवळ गेल्या. बोटाच्या पेराने त्यांनी त्याच्यावर टकटक करून पाहिलं.

"मुनाफ," राजाभाऊ त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तू जरा गडबड करतोयस."

"मी?" मुनाफने विचारलं.

"आता काळजी करू नकोस. मी सगळ्यांना सांगतो. कुणीही काहीही विचारायचं नाही!"

एरवी राजाभाऊंचं मंडळात कुणी ऐकत नसे. आज मात्र ऐकलं. पोलादी पाट्यांपाशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. माणसाला मुंगी करून टाकतील अशा चार उंच पाट्या, एकीपासून दुसरी लांब, ओळीने उभ्या. मुनाफने जीव तोडून माहिती सांगितली. संपली. तीस माणसं हाताची घडी घालून गप्प. वारा तेवढा वाजत होता.

"काही प्रश्न?" मुनाफ.

सगळ्यांनी राजाभाऊंकडे पाहिलं.

"कुणालाच काही विचारायचं नाही?" आता मॅडमनीच विचारलं.

धवलने ओठ घट्ट मिटले. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा स्टीलचा पत्रा समोर होता आणि त्याला तोंड उघडायची बंदी होती. त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात ईरा पुढे आली आणि शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "माझा प्रश्न किल्ल्याचा होता, पण किल्ला संपला. आता विचारला तर चालेल? बाबांनी पाठ करून घेतलाय."

राजाभाऊंना अचानक क्षितिजावर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मॅडम मुनाफकडे वळल्या. "तुम्ही ह्यांच्याकडून प्रश्न पाठ करून घेतलेत?"

काहीतरी थाप मारावी असं मुनाफला वाटून गेलं. पण सकाळपासून त्याच्या तोंडून जे जे निघालं होतं, त्यानंतर नवी थाप मारायची हिंमत उरली नव्हती. "प्रश्न ह्यांनी पाठ केले, मॅडम. उत्तरं मी, ह्यांचे चेहरे बघून."

मॅडमनी टॅब्लेट मिटला. मुनाफच्या दृष्टीने विषय संपला. खलास. आता सुरय्याला काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याने पाठ केलेलं नव्हतं.

"अंधेरा हो जाएगा," रहमान बसमधून ओरडला. "इधर रात में रास्ता नहीं मिलता. चलो!"

मुनाफने भोवती पाहिलं. मंडळ नव्हतं. जबाबदारी संपल्याच्या आनंदात सगळे चारी दिशांना पांगले होते. कुणी पहिल्या पाटीपाशी सेल्फी काढत होतं, कुणी शेवटच्या पाटीकडे चालत निघालं होतं. धवल तर दुसरीला कान लावून ती बुक्कीने वाजवून बघत होता. सूर्य भराभर उतरत होता.

"लेडीज अँड जंटलमन, प्लीज रिटर्न टु द बस!" कोर्समध्ये शिकवलं होतं तसं मुनाफ म्हणाला. कुणी मान वळवली नाही. मॅडमनी अरबी, इंग्रजी दोन्हींत हाक मारून पाहिली. लांबून दोघातिघांनी त्यांना हात हलवून टाटा केला.

मग मुनाफच्या आतला गाईड मेला आणि बस ड्रायव्हर जागा झाला. ही माणसं त्याने वर्षानुवर्षं ऑफिसातून घरी आणली होती. तो बसच्या पायरीवर चढला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि कोकणी गळ्याने आरोळी ठोकली,

"च्या संपत आलाऽऽय!"

वाळवंटाने असं दृश्य क्वचितच पाहिलं असेल. चारी दिशांनी माणसं धावत सुटली. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर लंगडत चालणारे एक काका सगळ्यांच्या पुढे होते. नीता थर्मास घेऊन दारात उभी राहिली. मुनाफ कप हातात देऊन एकेकाला आत लोटत होता. "चला, बसून प्या! धवल सर, पाटी ऱ्हावं द्या, ती पळत नाय! साहेब, तुमची सीट तिकडं! केसरआजी, तुमचा चश्मा डोक्यावर हाय!" काळोख पडायच्या आत बस डांबरी रस्त्याला लागली. उंटांचं मैदान राहून गेलं, पण माणूस एकही राहिला नाही.

अमिना मॅडम उठून पुढे आल्या. मुनाफ आपला उभाच होता.

"तुमची माहिती फार वाईट आहे," त्या म्हणाल्या. "ती पुन्हा पाठ करा. चेहरे बघून नाही, जागा बघून."

"जी, मॅडम. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन."

"पुढच्या वर्षी? माहिती पुस्तकात मिळते. वर्ल्ड कपला इथे जगभरातून असेच लोक येणार आहेत, कुणाचं काही न ऐकणारे. त्यांना वाळवंटात नेणारे मला पुष्कळ मिळालेत. सगळ्यांना परत आणणारा आजपर्यंत मिळाला नव्हता." त्यांनी टॅब्लेट उघडून त्याच्यासमोर धरला. "तुम्ही पास आहात."

मुनाफने टॅब्लेटवरचं आपलं नाव दोनदा वाचलं. मागे राजाभाऊंनी मात्र एकदाही न वाचता जाहीर केलं. "मंडळी, टाळ्या! प्लॅनिंगचा विजय आहे हा!"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "सर, एक विनंती आहे. माझ्याकडे अजून पुष्कळ उमेदवार आहेत. त्या प्रत्येकाच्या परीक्षेला तुमचा हाच ग्रुप मिळेल का? इतका कठीण पेपर मला स्वतःला काढता आला नसता."

"आमचा बहुमान आहे, मॅडम!" राजाभाऊ छाती फुगवून म्हणाले आणि लगेच मागे वळले. "बघा! सरकारदरबारी निवड झाली आपली!"

मुनाफ पुढच्या पायरीवर जाऊन बसला आणि त्याने गावी फोन लावला.

"पास झालो गं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग सुरय्या हळूच म्हणाली, "खरा? म्हंजे मी येनार?"

"इन्शाल्ला. अर्ज टाकतो आता."

"पन तू दिसभर कामावर. नवा मुलूख, भाशा येत नाय. मी एकटी कशी ऱ्हाऊ तिथं?"

मुनाफने मागे पाहिलं. केसरबाई अमिना मॅडमच्या पर्समध्ये चिवड्याची पुडी कोंबत होत्या आणि मॅडम दोन्ही हातांनी ती अडवत होत्या. नीता पुढे वाकून विचारत होती, "सुरय्या का? कधी येतेय? कुठे राहणार तुम्ही?" राजाभाऊंनी तर वक्रात खोली बघायची जबाबदारी कुणावर टाकायची, याचं वाटपही सुरू केलं होतं.

"एकटी?" मुनाफ फोनमध्ये म्हणाला. "तू ये तर खरी. मग कधी घटकाभर एकटी ऱ्हायला मिलाला, तर मला सांग."