बिघडवून पाहिलं का?

आमच्या गल्लीत कोणाकडे मुलगा झाला आणि त्याचं नाव ठरलं, की बाकीचे लोक म्हणतात, "छान आहे." नानाजी म्हणतात, "बिघडवून पायलं का?"

पहिल्यांदा ऐकणारा माणूस गडबडतो. पेढ्यांचा डबा त्याच्या हातात तसाच राहतो. मग आमच्यापैकी कोणीतरी त्याला समजावून सांगतं. वऱ्हाडात पोराचं नाव धड राहतच नाही. गजाननाचा गज्या होतो, विनायकाचा विन्या, सिद्धार्थचा सिद्ध्या. पुण्याच्या माणसाला यात अपमान वाटेल. आमच्याकडे मात्र आईनं एखाद्या दिवशी पूर्ण नावानं हाक मारली, तर पोरगं समजून जातं की आज आपलं काही खरं नाही. नानाजींचं म्हणणं एवढंच, की ज्या नावानं जन्म काढायचा ते आधी तपासून घ्यावं.

"पुरं नाव लग्नाच्या पत्रिकेसाठी असते," ते सांगतात, "अन् चौकातल्या बॅनरसाठी. बाकी सारा जन्म त्या 'या'वरच निंगते."

नानाजी म्हणजे आमच्या समोरच्या घरातले विश्वनाथजी. सगळी नोकरी त्यांनी अमरावतीच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात काढली. माणूस रिटायर झाला, गळा झाला नाही. नावाची परीक्षा ते फाटकात उभं राहून घेतात. एक हात कानावर ठेवायचा, मान वर करायची आणि परतवाड्याची गाडी फलाटावर लागल्यासारखी हाक ठोकायची, "आरव्याऽऽऽ!" गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसतात.

"आरव पास," असा त्यांनी निकाल दिला. "पन पोट्टं पहाटेच उठवंन सगळ्याइले. आरवनं कोंबड्याचं काम हाय." विवानचा विवान्या झाला तेव्हा त्यात त्यांना 'वाण्या' ऐकू आला आणि त्यांनी बापाला किराणा दुकान टाकायचा सल्ला दिला. रेयांश हे नाव ऐकून मात्र ते फाटकातून तसेच परत फिरले. "याले काय बिघडवू? हे पयलेच बिघडलेलं हाय."

कोपऱ्यावरच्या शब्बीरभाई टेलरांना नातू झाला, अयान. ते म्हणाले, "नानाजी, हमारे में नाम बिगाडते नहीं."

"मंग तुमची अम्मी तुमाले शब्ब्या म्हनून काहून हाक मारे?"

शब्बीरभाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. मग स्वतःशीच हळूच म्हणाले, "अयान्या." आणि लाजले.

आम्हाला मुलगा झाला तेव्हा माझ्या बायकोनं, पल्लवीनं, दवाखान्यातच मला बजावलं, की नाव नानाजींच्या कानावर जाता कामा नये. तिला 'अद्वय' ठेवायचं होतं. ती अकोल्याची, त्यामुळे तिच्या वडिलांना ग्रामदैवताचं 'राजेश्वर' हवं होतं. माझा कल सासऱ्यांकडे होता, पण ते बोलून दाखवण्याइतका मी शूर नव्हतो. बारशाच्या आदल्या दिवशी नानाजी आलेच. पाळण्यात पोरगं टाहो फोडत होतं. माझ्या तोंडून दोन्ही नावं निसटली.

"अद्वय्याऽऽ!" नानाजींनी करून पाहिलं आणि नाक पुसलं. "शिंक आल्यावानी वाटते." मग हात कानावर. "राज्याऽऽऽ!"

पोरगं रडायचं थांबलं. आवाजानं दचकलं असणार, असं पल्लवी आजही म्हणते. पण ते टकामका बघत राहिलं आणि त्यानं तोंडाचा चंबू करून 'ओ'सारखं काहीतरी केलं खरं.

"पास!" नानाजी म्हणाले. "ओ देऊन राहिलं पोट्टं. हाकेले ओ आली पायजे, मंग ते नाव."

दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, बाळाच्या कानात 'राजेश्वर' सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो राज्या झाला होता.

नानाजींना रोज सकाळी एक फोन यायचा. अंजनगाव सुर्जीहून, त्यांच्या थोरल्या बहिणीचा. आक्काला ऐकू कमी यायचं, म्हणून फोन स्पीकरवर आणि दोघंही ओरडून बोलायचे. त्यामुळे तो फोन साऱ्या गल्लीला यायचा म्हणा ना.

"विश्याऽऽ! जेवला का रे?"

आणि गल्लीभर पोरांची नावं पास-नापास करणारा हा म्हातारा खुर्चीतून ताडकन उठून म्हणायचा, "ओ, आक्का."

राज्या एक वर्षाचा झाला आणि आक्का गेली. नानाजी तिकडचे दिवस करून परत आले. त्याच आठवड्यात पलीकडच्या घरी 'शौर्य' नाव ठरलं. पेढे घेऊन आलेला बाप बिचारा परीक्षेच्या तयारीनंच उभा होता. नानाजींनी पेढा घेतला आणि म्हणाले, "छान हाय."

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"मले बाबा म्हननारे हायेत," ते म्हणाले. "मामा म्हननारे हायेत. नानाजी तं सारी गल्ली म्हंते. पन विश्या म्हननारं आता कोनी राहिलं नाई, भाऊ. दोस्त गेले. बायको होती, तिनं उखान्यात नाव घेतलं तेवढंच. एक आक्का होती."

मला फार वाईट वाटलं. 'विश्या' असं मीच म्हणावं, असं मनात येऊन गेलं; पण माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, जीभ काही वळेना. मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढे राज्या बोबडं बोलू लागला. सकाळी तो समोर नानाजींकडेच असायचा. एकदा त्याला आणायला गेलो आणि दारातच थबकलो. नानाजींच्या मांडीवर राज्या, नानाजींच्या हातात सोललेलं संत्रं.

"म्हन, विश्या."

"इच्या."

"इच्या नाई बे. वि-श्या. म्हन, मंग फोड देतो."

"इच्या!"

मी पाय न वाजवता मागे फिरलो. घरी येऊन पल्लवीला सांगितलं आणि ती चिडेल म्हणून वाट बघत बसलो. मोठ्या माणसांना नावानं हाक मारलेली तिला मुळीच खपत नाही. ती भाजी चिरता चिरता थांबली. पदरानं डोळे टिपले.

"अहो, त्याला अजून 'व' जमत नाही," ती म्हणाली. "मी घेते करून."

आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात 'व'चा तास चालला. मग एका सकाळी, आक्काच्या फोनच्या वेळेला, पल्लवीनं राज्याला आमच्या फाटकात उभं केलं. समोर नानाजी पेपर उघडून बसले होते. राज्यानं एक हात कानावर ठेवला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, बघूनच आलेलं. मान वर केली.

"विच्याऽऽऽ!"

कुत्री उठून बसली. पेपर खाली पडला. नानाजी खुर्चीतून ताडकन उठले.

"ओऽऽ," ते म्हणाले. "आलो, आलो."