उजेड अडवायचं पातेलं

वैजनाथनं लेझरचं मशीन आणलं, जोडलं, सुरू केलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हा उजेड पुढं जाऊन कुठंतरी थांबायला पाहिजे. तोवर तो समोरच्या कपाटात थांबला होता. प्लायवूडच्या दाराला काळं भोक पडलं होतं आणि आत बायकोच्या, सुकन्याच्या शालूला जळका वास येत होता.

मशीन भांड्यांवर नावं टाकायला होतं. आहेराच्या भांड्यांवर नावं टाकायचा धंदा लातुरात कधी बुडणार नाही, असं वैजनाथचं मत होतं. वैजनाथकडं मतांचा तुटवडा कधीच नव्हता. उभा तांब्या कोरता यावा म्हणून त्यानं लेझर आडवं बसवलं. मध्ये तांब्या असला तर उजेड तांब्यावर, नसला तर थेट कपाटात. एवढी साधी गोष्ट अर्ध्यावर सोडलेल्या इंजिनीअरिंगला आधी सुचायला हवी होती. नाही सुचली.

माडीवरची ही खोली सुकन्याला क्लासच्या पोरींना भाड्यानं द्यायची होती. अख्ख्या गल्लीत घरोघरी पोरी राहायला होत्या. हिच्या घरात तेवढं मशीन. पण घर आप्पासाहेबांचं, आणि वैजनाथचे वडील आप्पासाहेब राहायचे चाकूरला. ते म्हणतील त्याची खोली.

"कपाट जळालं, आता काय घर जाळून राह्यलाव का?" एवढंच ती म्हणाली.

म्हणून उजेड अडवायला काहीतरी बनवणं भाग होतं. विकत मिळतं, पण विकत आणलं तर वैजनाथ कसला?

वीट

काळा रंग उजेड गिळतो, पण तो मॅट, बिनचकाकीचा पाहिजे, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला होता. वैजनाथला दारं रंगवून उरलेला चकचकीत काळ्या रंगाचा डबा सापडला. काळा तो काळा, असं ठरवून त्यानं एक वीट रंगवली आणि लेझरसमोर ठेवली. विटेनं उजेड गिळला नाही. धूर तेवढा ओकला.

ब्लेड

दुसऱ्या व्हिडिओत युक्ती होती: दाढीची ब्लेडं एकावर एक रचून आवळायची, धारा उजेडाकडं. पात्यांच्या फटींत शिरलेला उजेड आपटून आपटून तिथंच मरतो. युक्ती खरीच चांगली आहे. फक्त ती वापरणारे वापरलेली ब्लेडं मागायला बालाजीच्या कटिंगच्या दुकानात जात नसावेत.

बालाजीनं साहजिकच विचारलं, कशाला? वैजनाथनं खरं सांगितलं, तिथंच घोटाळा झाला.

"उजेड मारायला."

बाकावर बसलेल्यांनी पेपर खाली केले. संध्याकाळपर्यंत वैजनाथ माडीवर ब्लेडं पुजतो असं गल्लीत ठरलं, आणि चाकूरला पोचेपर्यंत त्या गोष्टीत लिंबं आणि काळी कोंबडी शिरली. आप्पांचा फोन आला. उद्या येतो, म्हणाले, आणि ठेवला.

ब्लेडांचं काय झालं? गंजलेली होती, साबण आणि केस चिकटलेले होते. खोलीत केस जळाल्याचा वास भरला, कोंबडीच्या अफवेला तेवढंच बळ मिळालं.

पातेलं

आणि आता, मान्य करायला जड जातं, पण वैजनाथला एकदा बरोबर सुचलं. परसातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवायचं एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. बुडाला वर्षानुवर्षांची काजळी. ते त्यानं आडवं करून लेझरसमोर टेकवलं, बूड उजेडाकडं. उजेड काजळीत गेला आणि परत आला नाही. वैजनाथनं खाली येऊन सांगितलं की पातेल्याला आता हात लावायचा नाही, ते उपकरण आहे. सुकन्यानं ऐकलं, आणि आप्पा येणार म्हणून घर घासूनपुसून काढायला लागली.

सासरा येणार म्हणजे घरातलं एकही भांडं काळं दिसता कामा नये. ही गोष्ट कळायला तिला व्हिडिओ लागला नव्हता. सकाळी वैजनाथ स्टँडवर आप्पांना आणायला गेला. तिनं राख घेतली, चिंच घेतली, काथ्या घेतला, आणि उपकरणसुद्धा तोंड दिसेल इतकं घासलं. मग जिथं होतं तिथं, जसं होतं तसं, आडवं ठेवून दिलं. जागा हलली की नवरा बोंब मारतो, हे तिला माहीत होतं.

आप्पा

आप्पांनी माडीवर येऊन कोपऱ्यांतून, कपाटामागून कोंबडी शोधली. नाही सापडली. मग खुर्चीवर बसले, काळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वैजनाथनं त्यांच्या डोळ्यांवर लेझरचा हिरवा चष्मा चढवला, दुसरा स्वतः चढवला. हिरव्या चष्म्यातून सगळं जग सारखंच मळकं दिसतं; पातेलंही.

"आधी सेफ्टी दावतो, आप्पा," तो म्हणाला. "तांब्या मधी न्हाई तरी उजेड कुटं जात न्हाई बघा."

बटण दाबलं. उजेड पातेल्यावर गेला, पातेल्यानं तो घेतला नाही. तो वळला आणि आप्पांच्या गुडघ्यावर, काळ्या कापडात जाऊन बसला. हालला नाही, सांडला नाही, कुठं परतला नाही. एवढे दिवस शोधत होता तो काळा, बिनचकाकीचा अडसर वैजनाथला अखेर सापडला होता, आणि त्यातून धुराची बारीक रेघ वर निघाली होती.

आप्पांनी टोपी झटकली, भोकातून लेकाकडं बघितलं आणि निकाल दिला.

"खोली भाड्यानं द्यायची न्हाई, पोरी जळून मरतील. तुह्या भरोशावर बी सोडायची न्हाई. ह्ये मशीन हाय तवर मीच ऱ्हातो हितं. नजर ठिवायला कुणीतरी पायजे."

दुसऱ्या दिवशी चाकूरहून त्यांची ट्रंक आली. खोली बघायला आलेल्या दोन पोरी दारातली खुर्ची आणि खुर्चीवरचे आप्पा बघून जिन्यावरूनच परतल्या. आप्पांना चहा दर तासाला लागायचा आणि मशीन सुरू करायला ते परवानगी द्यायचे नाहीत. नवराबायको लग्नानंतर पहिल्यांदा एका मताचे झाले.

"आहो," सुकन्या चुलीपाशी हळूच म्हणाली, "मशीन चाकूरला न्या की. वाड्यावर जागा मोप हाय."

वैजनाथला हे पटलं. मशीन गेलं की नजर ठेवायला आप्पाही जाणार. "लई भारी डोकं लावलंस. मी उद्याच टेम्पो सांगतो."

"सांगा," ती म्हणाली. "तुमचे कपडे मी भरून ठिवलेत."

"माझे कामून?"

"मंग मशीन चालवणार कोण, आप्पा?"