चष्मेवाल्यांनी बेट निवडलं

"बेट तुम्ही निवडायचं," दुकानाचं शटर वर ढकलत बायको म्हणाली, "आणि कोणालाही विचारायचं नाही."

चष्मेवाल्यांच्या हातातलं कुलूप निसटलं आणि नेमकं अंगठ्यावर पडलं. ते कळवळले. कुलपामुळे की वाक्यामुळे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अगं, तू म्हणशील तसं..."

"हेच! हेच मला आता ऐकायचं नाहीये. सोफा मी म्हणेन तसा, दुकानाचा रंग मी म्हणेन तसा, पोरीचं नावसुद्धा मी म्हणेन तसं. एकदा तरी मला कळू दे, तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय की नुसतं मला पोचवायला यायचंय. शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत बेटाचं नाव सांगा. नाहीतर मी माझं एकटीचं तिकीट काढते."

प्रकरण असं होतं. ज्या वयात तिच्या बहिणी जिने टाळायला लागल्या होत्या, त्या वयात ही बाई तरण तलावावर जाऊन, पाठीवर हवेची टाकी बांधून, तळाशी मांडी घालून बसायला शिकली होती. स्कूबाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली होती. तिच्या जाड नंबरच्या काचा बसवलेला मास्क चष्मेवाल्यांनीच तिला करून दिला होता, नाहीतर मासा कुठला आणि दगड कुठला हे तिला कळलं नसतं. आता तिला खरा समुद्र हवा होता, तोही कॅरिबियनचा आणि ऐन हिवाळ्यात, जेव्हा इथे माणसं स्वेटरमध्ये माना खुपसून बसतात आणि तिथे म्हणे पाणी कोमट असतं. प्रवास कंपनीच्या बाईंनी कोझुमेल, साबा आणि बोनेर या तीन बेटांवर दोघांसाठी जागा धरून ठेवल्या होत्या. शनिवारनंतर त्या सुटणार होत्या.

चष्मेवाल्यांना जायचं होतं. फार जायचं होतं. पण त्यांना पोहता येत नव्हतं. भरलेल्या बादलीकडेसुद्धा ते जरा जपूनच बघत. तिथे जाऊन आपण करणार काय? ती पाण्याखाली, आणि आपण वर होडीत, तिच्या दोन पिशव्यांशेजारी तिसरी पिशवी होऊन बसणार. ही भीती बायकोला सांगून टाकली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नवरेमंडळी टळण्यासारखं काही टाळत नाहीत.

दुसरी अडचण धंद्यातली होती. उभा जन्म त्यांनी तपासणीच्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत एकच प्रश्न विचारला होता, "हे बरं, की ते बरं?" प्रश्न त्यांचा, उत्तर गिऱ्हाइकाचं. उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

प्रवास कंपनीच्या बाईंनी दिलेले तीन मोठे फोटो त्यांनी टेबलावर पसरले. पहिला निळा होता. दुसरा निळा होता. तिसराही, बारकाईने पाहिल्यावर, निळाच निघाला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो हात लांब करून धरले, मग नाकाशी आणले. निळ्याचं काही हिरवं होईना.

बायको बाहेर काउंटरवर फ्रेमांच्या दांड्या वाकवत बसलेली. तिचे कान तिच्या डोळ्यांची भरपाई करण्याइतके तिखट होते, त्यामुळे दुकानात कुणाला विचारायची सोय नव्हती. तेवढ्यात टेलरमास्तर डोळे तपासायला आले आणि चष्मेवाल्यांच्या डोक्यात दिवा लागला. विचारायला बंदी आहे. तपासायला कुठे आहे?

त्यांनी खोलीचं दार लावलं, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवला आणि त्या जागी तीन बेटं टांगली.

"अक्षरं कुठे गेली?" तपासणीच्या काचा बदलायच्या जड फ्रेममागून टेलरमास्तरांनी विचारलं.

"हल्ली असंच तपासतात. नैसर्गिक पद्धत. बोला, हे बरं, की ते बरं?"

"वा! हे काय आहे?"

"कोझुमेल. पाण्याखाली प्रवाह असतो, तोच माणसाला पुढे नेतो म्हणे."

"म्हणजे हातपाय हलवायलाच नकोत? मग प्रश्नच नाही, हेच बरं!"

"आणि काच? स्वच्छ दिसतंय?"

"एकदम झकास दिसतंय!"

त्यांच्या मागोमाग समोरचे सलूनवाले आले. त्यांनी साबा पसंत केलं. डोंगर थेट समुद्रातून वर आलाय आणि पाण्याखालीही तसाच खोल उतरलाय, हे ऐकून ते खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "माणसाने करायचं तर असलं काहीतरी करावं!" असं म्हणून त्यांनी समोर येईल ती काच पास केली. शाळेच्या मोठ्या बाई आल्या, त्यांनी तिन्ही बेटांना चांगला शेरा दिला आणि वर "प्रयत्न स्तुत्य आहे" म्हणाल्या.

यात एक बारीकशी चूक होती आणि ती चष्मेवाल्यांसारख्या मुरलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवी होती. माणूस अक्षर चुकीचं वाचतो तेव्हा काच चुकली हे कळतं. समुद्र चुकीचा कसा वाचणार? कुठल्याही काचेतून बघा, तो छानच दिसतो. पण चष्मेवाले मतं मोजण्यात गुंग होते. कोझुमेलला एक, साबाला एक, आणि मोठ्या बाईंचं मत तिन्हीकडे. सगळे चष्मे दुसऱ्या दिवशी तयार झाले आणि आपापल्या नाकांवर जाऊन बसले.

शनिवारी दुपारी दुकानाचं दार धाडकन उघडलं. टेलरमास्तर एका हाताने ओठ झाकून आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आत घुसले. त्यांच्या पाठोपाठ सलूनवाले, हातात अजून वस्तरा.

"वहिनी, न्याय तुम्हीच करा!" टेलरमास्तरांनी ओठावरचा हात काढला. मिशी डावीकडे होती तशी होती. उजवीकडे नव्हती.

बायकोने तोंडावर रुमाल धरला. "अगं बाई! हे कोणी केलं?"

"ह्यानेच!"

"मी मिशी सरळ करत होतो," सलूनवाले म्हणाले. "सरळ दिसेना म्हणून आणखी थोडी घेतली. मग आणखी थोडी. आणि मला काय बोलता? आधी ती पँट दाखवा की वहिनींना!"

टेलरमास्तरांनी नाइलाजाने कागद सोडला. आत चष्मेवाल्यांची पँट होती. बायकोने आठवड्याच्या सुरुवातीलाच ती शिवायला टाकली होती, प्रवासाची, फिक्या रंगाची, उत्तराची वाटही न बघता. पँटचा एक पाय घोट्यापर्यंत होता. दुसरा गुडघ्यापाशीच संपला होता.

"टेप बरोबर लावला होता," टेलरमास्तर कसनुसे झाले. "आकडे जरा पोहत होते."

बायकोने एकाच्या नाकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या. "चष्मे दोघांचेही नवे. दोघांनाही इथेच मिळाले."

"आणि माझाही!" दारातून आवाज आला. मोठ्या बाई हसतमुखाने आत आल्या. "मी आभार मानायला आले हो. इतकी वर्षं शिकवतेय, पण सगळ्या मुलांचं अक्षर इतकं सुंदर कधी दिसलं नव्हतं. पैकीच्या पैकी दिले सगळ्यांना. पालक गहिवरलेत."

"तक्ता नीट वाचला होतात का तुम्ही?" बायकोने तिघांना विचारलं.

"कसला तक्ता?" सलूनवाले म्हणाले. "आत समुद्र आहे!"

बायको उठली. चष्मेवाले तपासणीच्या खोलीच्या दारात आडवे होण्याचा प्रयत्न करत होते, पण ते अंगाने बारीक होते आणि दार रुंद होतं. तिने आत पाहिलं. भिंतीवर तीन बेटं ओळीने टांगलेली.

"मी विचारलं नाही कोणाला," चष्मेवाले हळूच म्हणाले. "नुसतं तपासलं."

"मग काय निघालं तपासात?"

"कोझुमेल!" टेलरमास्तर गरजले.

"छे! साबा!" सलूनवाल्यांनी वस्तरा उंचावला.

"जरा बाहेर थांबा सगळे," बायको म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर चष्मेवाल्यांना बरं वाटलं असतं. "अख्खी गल्ली बोलली. आता तुम्ही बोला. ह्या तिन्हींतलं तुम्हाला कुठलं आवडलं?"

"तू म्हण..." त्यांनी जीभ चावली. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "अगं, मला खरंच कळत नाहीये. मला यायचंय. पण मला पोहता येत नाही, तू खाली गेलीस की मी तिथे कोण? आणि ही बेटं मला सगळी सारखीच दिसतात. तिन्ही निळी!"

बायको काहीतरी ठणकावून बोलणार होती, ती थांबली. "सारखी? ह्यात केवढा डोंगर आहे. ह्यात होड्या आहेत."

"कुठे आहेत होड्या?"

तिने त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. मग तिने खुर्ची ओढली. "बसा."

"मी? अगं, माझा नंबर मी दरवर्षी तपासतो. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो."

"तक्ता तुम्हाला तोंडपाठ आहे!" बायको म्हणाली. "अंधारात वाचाल तुम्ही तो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बसा मुकाट्याने."

चष्मेवाले बसले. या खुर्चीतून खोली किती वेगळी दिसते, हे त्यांना प्रथमच कळलं. बायकोने ती जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि इतकी वर्षं नुसतं बघून आलेल्या सराईतपणे काच घातली. अक्षरांचा तक्ता कोपऱ्यात पडून होता. पण बेटं कुठे त्यांना पाठ होती?

"होड्या किती?"

"एक... नाही. छान आहेत."

"छान विचारलं नाही, किती विचारलं. आता?" काच बदलली. "हे बरं, की ते बरं?"

"हे." चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. "हे बरं. तीन होड्या. अगं, एकीवर माणूस उभा आहे! आणि केवढा हा डोंगर! हा इथेच होता?"

"परवापासून. आता दुसरा डोळा."

दुसऱ्या डोळ्याला वेळ लागला. बाहेर कोझुमेल आणि साबा यांच्यात खडाजंगी चालू होती आणि मोठ्या बाई दोघांनाही शिस्तीत बोलायला सांगत होत्या. शेवटी बायकोने एक काच सरकवली आणि चष्मेवाले खुर्चीत पुढे झुकले. ते तिसऱ्या फोटोकडे बघत होते. बोनेरच्या.

समुद्र तिथे रस्त्याला लागूनच होता. कडेला पिवळा रंग दिलेला एक दगड. तिथून एक बाई पाठीवर टाकी घेऊन, चक्क चालत, पाण्यात उतरत होती. आणि तिच्या शेजारी, गुडघाभर पाण्यात, पँट वर दुमडलेला एक माणूस एका हातात तिच्या चपला धरून उभा होता. त्याचा दुसरा हात तिच्या हातात होता.

"हा कोण?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

बायको वाकून बघू लागली. "असेल कोणाचा तरी नवरा."

"इथे होडी लागत नाही?"

"नाही. प्रवास कंपनीच्या बाई म्हणाल्या होत्या, तिथे किनाऱ्यावरून पायी पाण्यात जाता येतं."

चष्मेवाल्यांनी फ्रेम नाकावर नीट बसवली. आणखी एकदा तिन्ही बेटांवरून नजर फिरवली. मग ते बोटाने दाखवत म्हणाले, "हे."

"नक्की? की मी म्हणेन तसं?"

"नाही. मी म्हणतो तसं. बोनेर. गुडघ्यापर्यंत मी तुला सोडायला येईन आणि परत येशील तेव्हा तिथेच उभा असेन. त्याच्या पुढचं मात्र तू बघ."

बायकोने आपला चष्मा काढला आणि पदराने पुसला, आणि पुष्कळ वेळ पुसत राहिली. मग तिने तिथूनच प्रवास कंपनीच्या बाईंना फोन लावला. "बोनेर. हो, दोघांचं. नाही नाही, मी नाही, ह्यांनी निवडलं," हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

दोघं बाहेर आले तेव्हा चष्मेवाल्यांच्या नाकावर ती तपासणीची जड फ्रेम तशीच होती. टेलरमास्तर अपराधी चेहऱ्याने पँट परत गुंडाळत होते.

"उद्यापर्यंत दुरुस्त करून देतो," ते म्हणाले. "तेवढंच कापड जोडून पाय लांब करतो."

"जोडू नका," चष्मेवाले म्हणाले. उभ्या गल्लीने त्यांना इतक्या ठाम आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "दुसरा पायही एवढाच करा."

सलूनवाल्यांनी त्या पँटकडे पाहिलं. मग त्यांची नजर आशेने टेलरमास्तरांच्या चेहऱ्याकडे गेली आणि वस्तऱ्याचा हात किंचित वर झाला.

टेलरमास्तरांनी उरलेल्या अर्ध्या मिशीवर चटकन हात ठेवला. "आधी ह्याचा चष्मा करा!"